आंबट कोबी अर्थात् 'साउअरक्राउट' : पहिल्या खेपेस करणारांसाठीं एक धडा

कोबीच्या पिकाशीं ज्यांचा संबंध आहे, अशा आपल्या बहुतेक सभासदांना एक अनुभव दोन-तीन वर्षांत एकदां तरी येतोच. माघ-फाल्गुनांत गड्डे भरून तयार होतात. त्याच सुमारास चहूंकडचा माल एकदम बाजारांत उतरतो. आणि भाव असा कोसळतो कीं, तोडणीची मजुरी व गाडीभाडें यांचीहि भरपाई होत नाहीं. फेब्रुवारी २०२३ मध्यें माझ्या धाकट्या बंधूंनीं एक एकर उभ्या कोबीवर रोटाव्हेटर फिरविला, तेव्हां मी बांधावर उभा होतों. त्याच्या चारच महिने आधीं जर्मनी देशांत हाच कोबी लोक घरोघर चिरून, मीठ लावून, हिवाळ्याच्या बेगमीसाठीं बरण्यांत भरीत असलेले मीं पाहिले होते. हे दोन देखावे मनांत शेजारीं शेजारीं बसले, आणि तो प्रकार आपल्या घरीं करून पाहावा असें मीं ठरविलें. पहिले दोन प्रयोग वायां गेले, तिसरा साधला. महसुलाच्या कचेरींत तीस वर्षें कारकुनी केल्यामुळें प्रत्येक गोष्टीचें टिपण ठेवण्याची मला संवय आहे. त्या टिपणाच्या आधारें हा लेख लिहीत आहें. माझ्या चुका वाचकांनीं पुन्हां करूं नयेत, एवढाच त्याचा हेतु.

मूळ मुलूख

माझी कन्या व जांवई नोकरीनिमित्त जर्मनीच्या नैर्ऋत्य भागांतील स्टुटगार्ट शहरीं राहतात. ऑक्टोबर २०२२ मध्यें मी त्यांच्याकडे गेलों होतों. शहराच्या दक्षिणेस फिल्डर नांवाचें पठार आहे. विमान उतरतें तेंहि याच पठारावर. वाऱ्यानें आणून टाकलेल्या बारीक, पिवळसर मातीचा खोल थर येथें आहे, आणि त्यांत टोकदार गड्ड्याचा पांढरा कोबी पिढ्यान्‌पिढ्या होत आला आहे. नाशिकच्या द्राक्षांप्रमाणें या कोबीच्या नांवासहि भौगोलिक संरक्षण मिळालेलें आहे. लाइनफेल्डन-एश्टरडिंगन या तेथील गांवीं दर ऑक्टोबरांत कोबीचा उत्सव भरतो.

'साउअर' म्हणजे आंबट, आणि त्या भागांत 'क्राउट' म्हणजे कोबी. पलीकडे फ्रान्सच्या आल्सास प्रांतांत यासच 'शूक्रूत' म्हणतात. पोलंड व रशिया या देशांतहि हा पदार्थ घरोघरचा आहे. जेथें हिवाळ्यांत चार-पांच महिने शेतांत हिरवें पान दिसत नाहीं, तेथें ताज्या भाजीची उणीव या बरणीनें भरून काढली. त्याचें महत्त्व दर्यावर्दी लोकांनींहि ओळखलें होतें. इंग्रज कप्तान जेम्स कुक यानें १७६८ ते १७७१ च्या सफरींत 'एंडेव्हर' जहाजावर हा कोबी पिपें भरून नेला. खलाशी प्रथम त्यास शिवेनात. तेव्हां त्यानें तो रोज अधिकाऱ्यांच्या ताटांत वाढविला, आणि वरिष्ठ खातात म्हटल्यावर खलाशीहि मागूं लागले. लांबच्या सफरींत हिरड्या सडून माणसें मरत, तो स्कर्व्ही रोग 'क' जीवनसत्त्वाच्या अभावानें होतो, हें शास्त्र पुढें विसाव्या शतकांत सिद्ध झालें. तें जीवनसत्त्व या कोबींत बऱ्याच अंशीं टिकून राहतें.

जांवयांच्या शेजारीं एक वृद्ध शेतकरीण राहते. तिनें मला सर्व कृति करून दाखविली. आडव्या फळीस तिरपीं पातीं बसविलेली तिची कोबी किसण्याची किसणी माझ्या वयाहून जुनी होती. तिच्या मातीच्या रोगणी भांड्याच्या कांठास पन्हळ होती. पन्हळींत पाणी घालून त्यांत झांकण बसविलें कीं, आंतला वायु बुडबुडत बाहेर पडतो, पण बाहेरची हवा आंत शिरत नाहीं. ही योजना वाचकांनीं लक्षांत ठेवावी. सर्व कृतीचें मर्म तींतच आहे.

आंबण्याची क्रिया

आपल्याकडील लोणचें व हा कोबी यांत मूळचाच फरक आहे, आणि तो न समजल्यामुळें माझा एक प्रयोग फुकट गेला. कैरीच्या लोणच्यांत मीठ, मोहरी व तेल भरपूर पडतें. मुख्यतः त्यांच्या जोरावर तें टिकतें. आंबट कोबी मात्र मिठानें टिकत नसून आपल्याच आंबटपणानें टिकतो. मीठ येथें राखणदाराचें काम करतें. धनी निराळा आहे.

तो धनी म्हणजे कोबीच्या पानांवर मूळचेच असणारे सूक्ष्म जीवाणु. मीठ लावून चोळल्यानें पानांतील पाणी व साखर बाहेर येऊन खार सुटतो. या खारांत हवा नसते आणि मीठ बेताचें असतें. अशा ठिकाणीं कुजविणाऱ्या जीवाणूंचें चालत नाहीं, पण आंबविणाऱ्यांचें चालतें. प्रथम 'ल्यूकोनॉस्टॉक' जातीचे जीवाणु वाढतात व पुष्कळ कर्बवायु सोडतात; आंबटपणा वाढला कीं ते मागें पडून 'लॅक्टोबॅसिलस' वर्गाचे काम पुरें करतात. साखरेचें जें आम्ल बनतें तें दह्यांतलेंच दुग्धाम्ल होय. ही क्रिया जीवाणूंची आहे हें फ्रेंच शास्त्रज्ञ लुई पाश्चर यानें १८५७ मध्यें मांडलें. दह्याशीं हें साम्य पाहून कोणी विरजण घालील, तर तें घालूं नये. कोबीचें विरजण कोबीवरच असतें.

दोन फसलेले प्रयोग

पहिला प्रयोग मार्च २०२३ च्या अखेरीस, चैत्रांत केला. शेतांत राहिलेले चार गड्डे आणले, अंदाजानें चिमूट चिमूट मीठ लावलें, आणि बरणी स्वयंपाकघरांतच ठेवली. त्या दिवसांत घरांतील उष्णता ३४ अंशांवर होती. सहाव्या दिवशीं कोबी मऊ पडून बुळबुळीत झाला व दुर्गंधि सुटली. बरणी खतखड्ड्यांत रिकामी केली. येथें दोन चुका झाल्या : मीठ कमी, आणि हंगाम उन्हाळ्याचा.

दुसरा प्रयोग नोव्हेंबर २०२३ मध्यें, कार्तिकांत केला. मागील धास्तीमुळें या खेपेस लोणच्याच्या हातानें मीठ घातलें. तीन आठवडे वाट पाहिली. कोबी सडला नाहीं, पण आंबलाहि नाहीं. वरचा थर गुलाबी पडला, आणि चव अशी खारट कीं गाईनेंहि तोंड फिरविलें असतें. आमच्या कुटुंबानें तेव्हां एवढेंच म्हटलें, "जन्मभर दुसऱ्यांच्या जमिनी पैन्‌पै मोजून लिहिल्यात, आणि घरचें मीठ तेवढें अंदाजानें!" या बोलण्यास मजजवळ उत्तर नव्हतें. दुसऱ्याच दिवशीं ग्रॅम दाखविणारा लहान कांटा विकत आणला.

साहित्य व कृति

कोबी : गड्डा घट्ट, जड व पूर्ण भरलेला असावा. कोंवळ्या, पोकळ गड्ड्यांत साखर कमी असते. तोडल्यापासून एक-दोन दिवसांत वापरावा. सुकलेल्यास खार सुटत नाहीं. चौकोनी ठिपक्याचा पतंग व मावा यांसाठीं आपण औषध फवारतों. म्हणून घरच्या बरणीसाठीं चार ओळी आधींच राखून ठेवाव्यात आणि औषधाच्या वेष्टनावर शेवटची फवारणी व काढणी यांमध्यें जो काळ सांगितला असेल तो पुरा जाऊं द्यावा.

मीठ : चिरलेल्या कोबीच्या वजनाच्या सव्वादोन टक्के. म्हणजे १ किलोस २२ ते २३ ग्रॅम, अडीच किलोस ५६ ग्रॅम, १० किलोस २२५ ग्रॅम. वजन गड्ड्याचें न धरतां, वरचीं पानें व दांडा काढून चिरल्यानंतरचें धरावें. चमच्यानें मोजूं नये. जाड मिठाचा चमचा व बारीक मिठाचा चमचा यांच्या वजनांत पुष्कळ अंतर पडतें. खडेमीठ स्वच्छ असल्यास कुटून घ्यावें.

भांडें : चिनीमातीची किंवा काचेची बरणी. तांबें, पितळ, लोखंड व ॲल्युमिनियम यांस आम्ल लागतें. तीं भांडीं वर्ज्य समजावीं. अडीच किलो कोबीस चार-पांच लिटरची बरणी पुरते. ती कढत पाण्यानें धुऊन कोरडी करावी.

कृति : (१) वरचीं दोन-तीन पानें काढून धुऊन बाजूस ठेवावीं, गड्डा पाण्यानें धुवावा, चार फोडी करून दांडा काढावा, आणि विळीवर रुपयाच्या नाण्याच्या जाडीइतका पातळ व लांब चिरावा.

(२) मोठ्या परातींत कोबी व मीठ थराथरानें मिसळून दहा-पंधरा मिनिटें हातांनीं दाबून चोळावें. कोबी निम्म्यावर बसतो व पाणी सुटूं लागतें. पूर्वीं त्या मुलखांत मोठ्या पिपांतला कोबी स्वच्छ पायांनीं तुडवीत असत.

(३) बरणींत मूठमूठ घालून प्रत्येक थर मुठीनें किंवा लांकडी दट्ट्यानें घट्ट दाबावा, म्हणजे मध्यें हवा राहत नाहीं. परातींतला सर्व खार ओतावा. वर चार बोटें जागा रिकामी ठेवावी.

(४) राखून ठेवलेलें पान वर पसरून त्यावर बरणीच्या तोंडांतून जाईल अशी बशी ठेवावी, आणि बशीवर उकळून घेतलेला काळ्या पाषाणाचा गुळगुळीत गोटा किंवा पाण्यानें भरलेली काचेची बाटली ठेवावी. खार कोबीच्या वर निदान दोन बोटें असलाच पाहिजे. दुसऱ्या दिवसापर्यंत खार पुरेसा न सुटल्यास १ लिटर पाण्यास २३ ग्रॅम मीठ घालून, उकळून, पूर्ण निववून तें पाणी वर घालावें.

(५) तोंडास स्वच्छ कापडाचा दादरा बांधावा. फिरकीचें झांकण असल्यास तें घट्ट लावूं नये. वायु कोंडून बरणी फुटेल. बरणी परातींत ठेवून घरांतील थंड, अंधाऱ्या कोपऱ्यांत ठेवावी. १८ ते २२ अंश उष्णता उत्तम. २४ अंशांच्या वर कोबी मऊ पडण्याचा संभव वाढतो. म्हणून आपल्याकडे मार्गशीर्ष व पौष हेच महिने धरावेत.

तिसऱ्या प्रयोगाचें टिपण

ही बरणी १८ डिसेंबर २०२३ रोजीं भरली. माजघरांत उष्णतामापक टांगला होता. रात्रीं १८ व दुपारीं २४ अंश अशी नोंद होती.

पहिला दिवस. संध्याकाळपर्यंत खार कोबीच्या वर दोन बोटें चढला.

तिसरा दिवस. बुडबुडे व पांढरा फेस. खार वर येऊन परातींत सांडला. फेस काढला, गोटा दाबला.

पांचवा दिवस. कोबीचा उग्र, गंधकासारखा वास घरभर. कुटुंबाचें मत बरणी बाहेर काढावी असें पडलें. परंतु हा वास कुजल्याचा नव्हे; त्या शेतकरणीनें मला याची आगाऊ सूचना दिली होती. दोन्ही वासांतला फरक एकदां नाकास कळला कीं विसरत नाहीं.

आठवा दिवस. बुडबुडे कमी झाले. हिरवट रंग जाऊन फिकट पिवळसर रंग आला. चव आंबट, पण कच्ची.

पंधरावा दिवस. आंबटपणा भरला, दांताखालीं करकर कायम.

एकविसावा दिवस. वास स्वच्छ व आंबट. माती-पाणी तपासण्याच्या कागदानें सामू ४ च्या खालीं दाखविला. कोबी तयार. लहान काचेच्या बरण्यांत खारासह भरून शीतकपाटांत ठेवला. ज्येष्ठापर्यंत उत्तम राहिला.

थंडी अधिक असेल तेथें यास पांच-सहा आठवडेहि लागतात. घाई करूं नये, व रोज उघडून ढवळूंहि नये.

दोष व त्यांचीं कारणें

खारावर पातळ, पांढरी, सपाट साय आली तर ती बहुधा हवेवरील यीस्टची असते. ती काढून टाकावी व खार वर आहे कीं नाहीं तें पाहावें. परंतु केंसाळ, हिरवी, काळी किंवा गुलाबी बुरशी दिसल्यास, कोबी बुळबुळीत झाल्यास, अथवा कुजका वास आल्यास सबंध बरणी टाकून द्यावी. 'खालचा भाग बरा असेल' म्हणून चाखून पाहूं नये. दोनशे रुपयांच्या मालासाठीं घरांतील माणसांची प्रकृति पणास लावणें हा व्यवहार नव्हे. मऊपणा कमी मिठानें व उष्णतेनें येतो. गुलाबी छटा जास्त किंवा विषम लागलेल्या मिठानें येते. वरचा थर काळवंडला तर तो खाराबाहेर राहिला असें समजावें. १०० ग्रॅम तयार कोबींत सुमारें दोन ग्रॅम मीठ जातें. सबब रक्तदाबाच्या रोग्यांनीं वैद्याच्या सल्ल्यानेंच खावा.

स्वयंपाकांतील उपयोग

पहिल्या दिवशीं स्वयंपाकांतहि एक चूक झाली. हातच्या संवयीनें बटाट्यांत मीठ पडलें, फोडणींत पडलें, आणि कोबीचें स्वतःचें होतेंच. ती भाजी कोणीं खाल्ली नाहीं. तेव्हांपासून आमच्या घरीं नियम असा कीं, या कोबीचा कोणताहि प्रकार करतांना मीठ सर्वांत शेवटीं, आणि चाखल्यावांचून नाहीं. फार आंबट वाटल्यास कोबी एकदां पाण्यांतून काढून पिळून घ्यावा.

शिजविलेला क्राउट : एक मोठा कांदा दोन चमचे लोण्यांत किंवा तेलांत मऊ होईपर्यंत परतावा. त्यांत अर्धा किलो आंबट कोबी, एक चिरलेलें सफरचंद, अर्धा चमचा शहाजिरें व एक तमालपत्र घालावें. एक वाटी पाणी ओतून मंद आंचेवर अर्धा तास शिजवावें. शेवटच्या दहा मिनिटांत एक लहान कच्चा बटाटा किसून घातला कीं रस मिळून येतो. जर्मन लोक हा बहुधा डुकराच्या मांसाबरोबर खातात. उकडलेल्या बटाट्यांबरोबर तो तितकाच चांगला लागतो. भांडें स्टीलचें किंवा रोगणी असावें.

शुप्फनूडेल : कोबीच्या उत्सवांत मोठमोठ्या तव्यांवर परतून देतात तो हाच प्रकार. अर्धा किलो बटाटे उकडून, सोलून, पूर्ण निवाल्यावर कुसकरावेत. त्यांत १५० ग्रॅम बारीक पीठ, एक अंडें, चिमूटभर जायफळ व थोडें मीठ घालून गोळा मळावा. करंगळीएवढ्या, दोन्ही टोंकांस निमुळत्या वळकट्या कराव्यात. त्या उकळत्या पाण्यांत सोडाव्यात, वर तरंगल्या कीं काढून निथळाव्यात, आणि लोण्यांत तांबूस परतून कांद्यावर परतलेला अर्धा किलो आंबट कोबी त्यांत मिसळावा. अंडें वर्ज्य असणारांनीं पीठ थोडें वाढवावें. वळकट्या किंचित् घट्ट होतात इतकेंच.

कच्चा खाल्ल्यास 'क' जीवनसत्त्व अधिक मिळतें. शिजवितांना तें कांहीं अंशीं नष्ट होतें. आमच्या घरीं तो दाण्याचें कूट व जिऱ्याची फोडणी घालून, ज्वारीच्या भाकरीबरोबर खपूं लागला. हा प्रकार त्या शेतकरणीस कळविला, तेव्हां तिला हंसूं आलें.

नफ्याविषयीं दोन शब्द

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. 'यानें पडलेल्या भावाचा प्रश्न सुटेल काय?' असें बंधूंनीं मला विचारलें. मीं कांट्यासमोरच हिशेब केला. सहा माणसांच्या घरांत, आवड लागली तरी, एका हंगामांत दहा-पंधरा किलोंहून अधिक आंबट कोबी खपत नाहीं. चांगल्या एकरांत दहा टनांपर्यंत कोबी निघतो. म्हणजे घरची बरणी एकरापुढें कांहींच नाहीं. विकण्यासाठीं करावयाचा तर गिऱ्हाईक आधीं शोधावें लागेल. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ याखालीं नोंदणी करावी लागेल. आणि प्रत्येक बरणी सारखी उतरली पाहिजे. हें कोणीं करूं नये असें मी म्हणत नाहीं. पण लेख वाचून कोणी दहा पिपें भरील, तर त्याच्या नुकसानीचा दोष माझ्या माथीं येईल.

मग लाभ कोणता? ज्या वर्षीं गड्ड्यास किंमत नसते, त्या वर्षीं आपल्या घामाचे पांच-सात गड्डे तरी आपल्या घरांत वैशाखापर्यंत अन्न होऊन राहतात. जानेवारी २०२४ मध्यें तयार बरणी मीं बंधूंच्या हातीं दिली. त्यांनीं चिमूटभर तोंडांत टाकला, बराच वेळ चावला, आणि म्हणाले, "अण्णा, गेल्या वर्षीं रोटाव्हेटर फिरविण्याआधीं हें ठाऊक असतें, तर एक पोतें तरी उचलून आणलें असतें." आतां ते दर हंगामांत चार ओळी फवारणीविना राखतात.

ज्यांना करून पाहावयाचें असेल त्यांनीं मार्गशीर्षांत एकच बरणी भरावी, मीठ तोलून घ्यावें, कोबी खाराखालीं बुडवून ठेवावा, आणि एकवीस दिवस धीर धरावा. आलेला अनुभव, विशेषतः फसलेला, याच मासिकाकडे कळविल्यास सर्वांचा फायदा होईल.